केसांसाठी पोटातून गोळ्या : मेडिकलच्या काउंटरवरून काही

खडीसाखर

आमचं नाशिकरोडला मेडिकल आहे आणि मी स्वतः फार्मसिस्ट आहे. मिनॉक्सिडिलची गोळी पूर्वी वर्षाकाठी एखाददुसरं पाकीट जायची. आता ती कायम ठेवावी लागते. मागायला येणाऱ्यांत काही जण चिठ्ठी आणतात, बाकीचे मोबाईल पुढे करतात. त्यावर कुठल्याशा रीलचा स्क्रीनशॉट असतो, नाहीतर मित्राच्या चिठ्ठीचा फोटो. "ताई, हीच द्या, माझ्या रूममेटला फरक पडलाय." नाही म्हटलं की पोरं पुढच्या चौकात जातात, आणि तिथे मिळतेही.

या गोळ्या घेऊच नयेत असं माझं म्हणणं नाही. माझ्या घरातच एक जण घेतो आणि त्याला उपयोग झाला आहे. पण गोळी सुरू करण्याआधी आपलं काय मोजलं गेलं, आणि आपण ती घेतोय हे कुणाकुणाला माहीत आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेकांकडे नसतात. त्यावर बोलावं म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. 'फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल' असं लोक जोडीने म्हणतात, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पुरुषांच्या वंशपरंपरेने येणाऱ्या टकलात टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं डीएचटी नावाचं हार्मोन केसांची मुळं हळूहळू बारीक करत नेतं. डीएचटी बनवणाऱ्या एन्झाइमला फिनास्टेराइड अडवतं. रोज १ एमजी घेतलं तर रक्तातलं डीएचटी साधारण दोन तृतीयांशाने उतरतं. अमेरिकेत हे औषध आधी १९९२ साली प्रोस्टेटसाठी ५ एमजीत आलं आणि १९९७ साली पुरुषांच्या टकलासाठी १ एमजीत.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. तेही शेवटच्या फळीतलं, बाकी काही लागू पडेना तर द्यायचं. तिकडे १९७९ साली गोळी आली आणि पेशंटच्या कपाळावर, हातांवर, पाठीवर केस वाढायला लागले. त्या 'दुष्परिणामा'चं लोशन होऊन १९८८ साली विकायला आलं. आता चक्र उलटं फिरून पुन्हा गोळीवर आलंय. फक्त मात्रा फार कमी असते: रक्तदाबासाठी दिवसाला १० ते ४० एमजी देत, केसांसाठी पुरुषांना साधारण २.५ ते ५ आणि बायकांना त्याहूनही कमी. केसांसाठी गोळीला अमेरिकेतही अधिकृत मंजुरी नाही, डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देतात. यात गैर काही नाही, अशी बरीच औषधं दिली जातात. मात्र लिहून देणारा डॉक्टर त्यात हवा.

अनुभव लिहा, पण 'मी किती घेऊ' असं कृपया कुणी विचारू नका आणि कुणी सांगूही नका.

तिरफळ

चांगला धागा, ताई. पुणे, वय तेहतीस, वडील आणि दोन्ही मामा टकले, म्हणजे माझी कुंडली जन्मतःच मांडलेली होती. बरीच वर्षं फिनास्टेराइड चालू आहे, मिनॉक्सिडिलची गोळी नंतर जोडली. भोवऱ्याजवळचं विरळ होणं थांबलं, थोडे भरूनही आले. कपाळावरचे कोपरे मात्र गेले ते गेलेच.

सांगण्यासारखं हे की माझ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत गोळी दिलीच नाही. भिंगाच्या यंत्रातून टाळू बघितली, चार बाजूंनी फोटो काढले, बीपी घेतलं. हृदयाचा काही त्रास, कधी चक्कर, लग्न झालंय का, मूल हवंय का, हे सगळं विचारलं. आणि मला तेव्हा विचित्र वाटलेला प्रश्न: "मधल्या काळात मन फार खचलंय, झोप लागत नाही, असं कधी झालंय का?" केसांच्या डॉक्टरला याच्याशी काय करायचंय, असं मनात आलं होतं.

गोळी सुरू केल्यावर पहिले दोन महिने केस उलट जास्त गळाले. बाईंनी आधी सांगून ठेवलं नसतं तर मी तेव्हाच बंद केली असती.

उंबरठा

माझा नवरा घेणार होता, मी थांबवलंय. या गोळीने पुरुषत्व जातं म्हणतात आणि बंद केली तरी परत येत नाही म्हणतात. इंटरनेटवर शेकड्यांनी पोस्टी आहेत. डोक्यावर चार केस जास्त असून काय करायचंय?

कडुलिंबाची_सावली

माका, आवळा, जास्वंदीचं तेल आणि रात्री डोक्याला मालिश. आमच्या आजीचे केस नव्वदाव्या वर्षी कमरेपर्यंत होते. गोळ्या कशाला?

तिरफळ

@कडुलिंबाची_सावली, आजोबांचे किती होते?

कडुलिंबाची_सावली

:) आजोबा फेटा बांधायचे.

सांजसावली

मी त्वचारोगतज्ज्ञ, कोल्हापूरला प्रॅक्टिस करते. उंबरठाताईंच्या शंकेला नीट उत्तर द्यायला हवं, कारण ती झटकून टाकणारे डॉक्टर आणि ती पाचपट फुगवणारे यूट्यूबवाले असे दोनच आवाज लोकांच्या कानी पडतात.

फिनास्टेराइडच्या मूळ चाचण्यांमध्ये वर्षभरात लैंगिक तक्रार सांगणारे पुरुष गोळीच्या गटात ३.८ टक्के होते आणि नुसत्या साखरेच्या गोळीच्या गटात २.१ टक्के. यात इच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी होणं हे तिन्ही आलं. म्हणजे त्रास खरा आहे, पण शंभरातल्या फार थोड्यांना होतो आणि त्यातल्या बहुतेकांचा गोळी थांबवल्यावर जातो. काहींचा थांबवल्यानंतरही राहिल्याच्या नोंदी आहेत, आणि अमेरिकेतल्या औषधाच्या माहितीपत्रकात तसं छापलेलंही आहे. त्यामुळे 'असं काही नसतंच' म्हणणं चूक.

आता दुसरी बाजू. इटलीत २००७ साली एक अभ्यास झाला, प्रोस्टेटच्या पेशंटवर, ५ एमजी देऊन. निम्म्यांना लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, निम्म्यांना दिली नाही. कल्पना दिलेल्यांत ४३.६ टक्के लोकांनी तक्रार केली, न दिलेल्यांत १५.३ टक्के. भीतीच अर्धं काम करते ते असं. तरी मी पेशंटला सांगतेच. न सांगता देणं मला पटत नाही.

तिरफळ यांना विचारलेला मनाचा प्रश्न अगदी योग्य होता. युरोपच्या औषध नियंत्रकांनी मे २०२५ मध्ये फिनास्टेराइडच्या १ आणि ५ एमजी दोन्ही गोळ्यांसाठी 'आत्महत्येचे विचार' हा दुष्परिणाम म्हणून कायम केला. नोंदी जास्त १ एमजीच्या होत्या, म्हणजे केसांसाठी घेणाऱ्या तरुणांच्या. नेमकं किती जणांना होतं ते ठरवता आलेलं नाही. ब्रिटनने तर २०२४ साली पाकिटासोबत पेशंटसाठी इशाऱ्याचं कार्ड द्यायचं ठरवलं. ज्याला आधी नैराश्य येऊन गेलंय त्याला मी ही गोळी सहसा देत नाही. दिलीच तर घरातल्या एकाला समोर बसवून सांगते: हा गप्प गप्प राहायला लागला, चिडायला लागला, तर गोळी बंद करा आणि मला फोन करा.

त्यामुळे उंबरठाताई, नवऱ्याला थांबवलंत यात काही बिघडलं नाही. वंशपरंपरेचं टक्कल आजार म्हणून जीवघेणं नाही. उपचार न करणं हाही एक पूर्ण शहाणा पर्याय आहे. मात्र निर्णय त्यांचा असू द्या.

उंबरठा

धन्यवाद डॉक्टर. शेवटचं वाक्य टोचलं, पण बरोबर आहे. आज रात्री त्यांना हे वाचायला देते.

पाणकणीस

ठाण्याहून. मला डेंग्यू झाला आणि त्यानंतर अडीच-तीन महिन्यांनी केस पुंजक्यांनी यायला लागले. न्हाणीची जाळी तुंबायची. घाबरून एका हेअर क्लिनिकमध्ये गेले. तिथल्या 'कन्सल्टंट'ने (डॉक्टर नव्हती, हे नंतर समजलं) सहा महिन्यांचं पॅकेज समोर ठेवलं, त्यात गोळ्याही होत्या. कोणत्या ते सांगायला तयार नाही, डबीवर फक्त क्लिनिकचं लेबल. नशीब, आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ती डबी बघून कपाळाला हात लावला. रक्त तपासलं तर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तळाला गेलेलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, बाकी काही नाही. हळूहळू बारीक बारीक केस उभे राहिले कपाळाजवळ, अँटेनासारखे!

सांजसावली

पाणकणीस यांचा अनुभव सगळ्यांनी परत वाचा. मोठा ताप, डेंग्यू, चिकुनगुनिया, कोविड, बाळंतपण, ऑपरेशन किंवा झटपट वजन उतरवणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी भरमसाट केस गळतात. शरीर ताणात असताना पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या टप्प्यात जातात आणि ठरलेल्या वेळाने झडतात. मुळं शाबूत असतात, त्यामुळे कारण दूर झालं की बहुतेकांचे सहा-आठ महिन्यांत भरून यायला लागतात. इथे फिनास्टेराइडचं काही काम नाही. आणि अशा वेळी काहीही खाल्लं तरी 'गुण येतो', कारण ते आपोआपच थांबणार असतं. केसांच्या अर्ध्या बाजारपेठेचं पोट यावर चालतं.

ढोबळ खूण अशी: मुठीने गळतायत आणि डोकं सगळीकडून सारखं विरळ होतंय, तर मागच्या तीन महिन्यांत काय झालं ते आठवा. गळणं फारसं दिसत नाही पण बायकांचा भांग रुंदावतोय, पुरुषांचे कोपरे किंवा भोवरा उघडा पडतोय, तर वंशपरंपरेचं. गोल, गुळगुळीत चकती पडली तर चाई. तिन्हीचे उपचार वेगवेगळे, आणि दोन एकत्र असणारेही भेटतात. म्हणून आधी बघून घ्यावं लागतं.

खडीसाखर

लेबल नसलेल्या डबीतली गोळी कधीही घेऊ नका. औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत नसेल तर ते औषध समजूच नका. आत काय भरलंय ते देवालाच ठाऊक.

वैदर्भी_ऊन

आत काय आहे यावरून आमच्याकडचं आठवलं. मी शेगावचा. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं देशभर गाजली ती याच विषयावर. माणसं, बायका, पोरं, तीन-चार दिवसांत डोकी साफ. आधी पाण्यावर संशय, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची पथकं आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (विंचूदंशावरचे) यांनी नमुने तपासून घेतले आणि रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त असल्याचं सांगितलं. पुढे काहींची नखंही गेली.

गंमत अशी की त्याच काळात माझा भाचा पुण्याहून केसवाढीच्या महागड्या गोळ्या घेऊन आला होता, आणि पाकिटावर ठळक लिहिलेलं: 'सेलेनियमयुक्त'!

सांजसावली

वैदर्भी_ऊन, भाच्याच्या गोळीतलं सेलेनियम बहुधा मायक्रोग्रॅममध्ये असेल, तेवढ्याने टक्कल पडत नाही. पण मुद्दा रास्त आहे. सेलेनियम किंवा अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेलं तर केस गळतात. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या 'हेअर' गोळ्या एकदम खाणारे मी बघितलेत.

बायोटिन या ब गटातल्या जीवनसत्त्वाचंही तसंच. त्याची खरी कमतरता विरळा, पण त्याच्या चघळायच्या गोळ्या (गमीज) सगळे खातात. मोठ्या मात्रेतलं बायोटिन काही रक्ततपासण्या चुकवतं. थायरॉइडचे आकडे खोटे येऊ शकतात, आणि हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ती ट्रोपोनिनची तपासणीही खोटी नॉर्मल येऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियंत्रक एफडीएने २०१७ साली याबद्दल इशारा दिला होता. म्हणजे केस का गळतात ते शोधायला थायरॉइड तपासायचं, आणि केसांसाठी खाल्लेल्या गोळीनेच तो रिपोर्ट चुकायचा! रक्त द्यायला जाताना लॅबवाल्याला सांगा.

खारी_शेंग

मला पीसीओएस (पाळी आणि हार्मोनची तक्रार) आहे, वय एकतीस. भांग रुंद झालाय. डॉक्टरांनी स्पायरोनोलॅक्टोन सुचवलंय आणि मिनॉक्सिडिलची अगदी छोटी गोळी. मैत्रीण म्हणते, चेहऱ्यावर दाढी येईल. खरंच येते का? पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे.

सांजसावली

दाढी नाही, पण लव वाढते. कानशिलाजवळ, ओठांवर, हातांवर. स्पेनमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने २०२१ साली १४०४ पेशंटचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला: अंगावर नको तिथे केस वाढणं १५.१ टक्क्यांत, डोकं हलकं होणं १.७, अंगावर पाणी साठणं १.३, छातीत धडधड ०.९. दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे १.७ टक्के. लव मात्रेप्रमाणे वाढते, मात्रा उतरवली की कमी होते.

पण तुमच्या प्रश्नातला महत्त्वाचा शब्द 'बाळ' आहे, तो तुम्ही शेवटी लिहिलात. स्पायरोनोलॅक्टोन पुरुष हार्मोनला अडवतं. पोटात मुलगा असेल तर त्याच्या लैंगिक अवयवांच्या वाढीवर परिणाम होण्याची भीती असते. गरोदरपणात ते चालत नाही, आणि घेत असताना गर्भनिरोधनाची पक्की सोय लागते. मिनॉक्सिडिलही गरोदरपणात आणि अंगावर पाजताना देत नाही. तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून 'पुढच्या वर्षी' हे सांगा, योजना बदलू शकते. स्पायरोनोलॅक्टोनने पोटॅशियम वाढू शकतं. तरुण, निरोगी बायकांत हे सहसा घडत नाही, पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर तपासत राहावं लागतं.

फिनास्टेराइडही मूल होण्याच्या वयातल्या बायकांसाठी नाही. पाळी गेलेल्या बायकांना १ एमजी देऊन बघितलं होतं, तिथे उपयोगही दिसला नाही.

मावळतीचा_गडी

वय अडुसष्ट, साताऱ्यास मुक्काम. मी प्रोस्टेटसाठी ५ एमजी फिनास्टेराइड कैक वर्षं घेतो. केस? मुळात नव्हतेच, आता काय येणार! मुलगा म्हणतो, "बाबा, तुमच्या गोळीचे चार तुकडे करून मीच खातो." त्यास काय सांगू? शिवाय सूनबाईंना दिवस गेले आहेत, हेही लिहितो.

खडीसाखर

काका, मुलाला सांगा की घरात ती गोळी तोडायची नाही. अख्ख्या गोळीला वरून लेप असतो, हाताळली तरी औषध अंगाला लागत नाही. तोडली, चुरा झाला की तो लेप जातो. गरोदर बाईने तुटलेल्या किंवा चुरडलेल्या गोळीला हात लावू नये, असं या औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. कारण तेच, पोटातलं बाळ मुलगा असेल तर. ओट्यावर सुरीने तुकडे करणारी मंडळी मला माहीत आहेत, म्हणून एवढ्या तळमळीने लिहिते. आणि तुकडे कधीच सारखे होत नाहीत.

काउंटरवर मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच. केसांची गोळी हे लोकांना औषध वाटतच नाही. दुसरं कुठलं औषध चालू आहे का, असं विचारलं तर 'नाही' म्हणतात. शाम्पू-तेलाच्या रांगेत बसवलेलं असतं तिला.

सांजसावली

त्यावरूनच, काका: तुमची पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी बघतात ती रक्ताची) तपासणी होत असेल. फिनास्टेराइडने पीएसए जवळपास निम्म्यावर येतं, त्यामुळे डॉक्टर आलेला आकडा दुप्पट धरून वाचतात. तुमच्या यूरॉलॉजिस्टला हे माहीतच असणार. पण केसांसाठी १ एमजी घेणारे पुरुष पन्नाशी-साठीत गेले की 'संपूर्ण हेल्थ चेकअप'च्या पॅकेजात पीएसए करतात आणि गोळीचं सांगत नाहीत. तिथे धोका आहे. रिपोर्टवर नॉर्मल आकडा छापून येतो आणि खरा आकडा त्याच्या दुप्पट असतो. रक्तदान करतानाही सांगा. ती पिशवी एखाद्या गरोदर बाईला चढू शकते. अमेरिकेत फिनास्टेराइड सोडल्यावर महिनाभर आणि ड्युटास्टेराइड सोडल्यावर सहा महिने रक्त घेत नाहीत.

मावळतीचा_गडी

उत्तम. मुलास दाखवितो. गोळ्यांची डबी आजपासून माझ्या कपाटात.

तिरफळ

ड्युटास्टेराइडचं नाव निघालंच आहे तर: ते जास्त जोरदार म्हणून आमच्या जिममध्ये फार चर्चेत आहे. घ्यावं का, असं नाही विचारत (नियम पाळतोय), पण फरक काय?

सांजसावली

फिनास्टेराइड त्या एन्झाइमचा एकच प्रकार मुख्यत्वे अडवतं, ड्युटास्टेराइड दोन्ही. डीएचटी आणखी खाली जातं आणि केसांवर परिणामही थोडा जास्त दिसतो. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये ते केसांसाठी मंजूर आहे, अमेरिकेत फक्त प्रोस्टेटसाठी. पण फिनास्टेराइड सहा-आठ तासांत निम्मं उतरतं, याला निम्मं उतरायला सुमारे पाच आठवडे लागतात. त्रास झाला, आज गोळी सोडली, तरी औषध महिनोन् महिने अंगात राहतं. म्हणून पहिली गोळी म्हणून मी ते देत नाही.

अवांतर, जिमवाल्यांसाठी: फिनास्टेराइड २००५ पासून काही वर्षं खेळाडूंना बंद होतं, कारण त्याच्या आडून स्टेरॉइड लपवता येतात असं मानत. अमेरिकेचा झॅक लंड हा स्केलेटनपटू (बर्फावरून घसरगाडीची शर्यत) केसांच्या याच गोळीपायी २००६ च्या तुरिनच्या हिवाळी ऑलिंपिकला मुकला. २००९ मध्ये ती बंदी उठली.

गाठोडे

न्यू जर्सीहून. इकडे अ‍ॅपवर चार प्रश्नांची उत्तरं दिली की घरपोच येतं. डॉक्टरचं तोंडही दिसत नाही. मला 'फिनास्टेराइड, मिनॉक्सिडिल एकत्र' अशी त्यांच्याकडेच बनवलेली कॅप्सूल आली. बीपी किती, हे विचारलं होतं, मी अंदाजाने लिहिलं, पुढे गेलं. इकडे मशीनवर घेतलं तर वरचा आकडा १०० च्या आसपास असतो माझा. चक्कर यायची ती उन्हाने म्हणत होतो. आता नेहमीच्या डॉक्टरकडे गेलोय, मिनॉक्सिडिल बंद. दरवर्षी पुण्याहून गोळ्या आणणारे मित्रही आहेत, स्वस्त पडतात म्हणून.

खडीसाखर

आणायच्या असतील तर चिठ्ठी सोबत ठेवा, मूळ पाकिटातून काढू नका.

मिनॉक्सिडिलबद्दल एक महत्त्वाचं राहिलं. लोशन ते लोशन, गोळी ती गोळी. ५ टक्क्यांच्या लोशनच्या एका मिलिलिटरमध्ये ५० एमजी औषध असतं. केसांसाठी पोटातून घ्यायची मात्रा २.५ च्या आसपास असते, हे लक्षात घ्या म्हणजे लहान पोराने बाटली तोंडाला लावली तर काय होईल ते समजेल. बाटली औषधांच्या कपाटात, वर. घरात मांजर असेल तर आणखी जपा. मांजरांना मिनॉक्सिडिल विषारी आहे, उशीच्या अभ्र्यावरून किंवा हातावरून चाटलं तरी जिवावर बेततं.

आणि स्पेनमधली २०१९ ची घटना: ओमेप्राझोल म्हणून पॅक झालेला माल प्रत्यक्षात मिनॉक्सिडिल निघाला. पित्तासाठी ते औषध घेणाऱ्या डझनाहून जास्त तान्ह्या आणि लहान मुलांच्या अंगभर केस आले. औषध बंद केल्यावर ते गेले. मी बॅच नंबरवरून लोकांना पिडते ते यासाठी.

पाणकणीस

बापरे, मांजराचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

चिंचेचं_बन

आमच्या पुतण्याला, वय सतरा, मागच्या बाजूला रुपयाएवढी चाई पडली, मग आणखी तीन. गावाकडे गुंज उगाळून लावायला सांगतायत. एका ओळखीच्याने 'नवीन गोळी आली आहे, महाग आहे पण हमखास' असं सांगितलं. तीही डीएचटीचीच का?

सांजसावली

अजिबात नाही. चाईत शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा केसांच्या मुळांवर उठते. नव्या गोळ्या म्हणजे जॅक इन्हिबिटर. बॅरिसिटिनिब अमेरिकेत जून २०२२ मध्ये गंभीर चाईसाठी मोठ्यांना मंजूर झालं, रिटलेसिटिनिब २०२३ मध्ये बारा वर्षांवरच्यांना. ज्यांच्या डोक्यावर, भुवयांवर काही उरलं नव्हतं अशांना यांनी केस आलेले आहेत. चाईच्या उपचारांत एवढी मोठी उडी आधी झाली नव्हती. पण ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आहेत. सुरू करण्याआधी टीबी आणि कावीळ ब-क तपासावीच लागते. आपल्याकडे लपलेला टीबी किती जणांत असतो हे कुणी वेगळं सांगायला नको. रक्ताच्या गाठी आणि जंतुसंसर्ग यांबद्दल पाकिटावर कडक इशारा असतो. 'हमखास' तर नाहीच, थांबवल्यावर पुष्कळांचे केस पुन्हा जातात.

चार छोट्या चकत्यांना बहुधा हे लागणारही नाही. अशा चकत्या पुष्कळदा आपल्या आपण भरतात, किंवा तिथल्या तिथे इंजेक्शनने. गुंज मात्र नका लावू. ती विषारी आहे, कातडी सोलवटते आणि पोटात गेली तर जीव जाऊ शकतो.

चिंचेचं_बन

आभारी आहे. आईला हे वाचून दाखवतो, माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही.

कुणीसा_टकलू

सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. मी पंचविशीतच झिरो मशीन मारलं. शाम्पूचा खर्च वाचतो, हेल्मेट छान बसतं. (हलके घ्या.)

तिरफळ

ही जमातच वेगळी. दंडवत!

बरं डॉक्टर, एक खरा प्रश्न. किती दिवस घ्यायची असते? मित्र म्हणतो, वर्षभर घेऊन केस आले की सोडायची.

सांजसावली

सोडली की वर्षभरात जिथे होता तिथे, म्हणजे गोळी घेतलीच नसती तर जिथे असता तिथे. टिकवायचे असतील तोवर घ्यायची. पाच वर्षांच्या चाचणीत फिनास्टेराइड घेणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांचे भोवऱ्यावरचे केस वाढले, ४२ टक्क्यांचे होते तेवढे राहिले. नुसत्या साखरेच्या गोळीवर असलेल्यांत ७५ टक्क्यांचे कमी झाले. म्हणजे याचं मोठं काम 'राखणं' आहे. चाळिशीत पूर्ण चकचकीत झालेल्या डोक्यावर गोळीने काही उगवत नाही, आणि तिथे पैसे घेणारा डॉक्टर फसवतोय.

लोशन की गोळी, यावरही वाद आहे. ब्राझीलमध्ये पुरुषांवर झालेली चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली: रोज ५ एमजी गोळी आणि दिवसातून दोनदा ५ टक्के लोशन, सहा महिने. गोळी सरस ठरली नाही. पण लोशन दोनदा लावायचा कंटाळा करणारे निम्मे असतात, त्यांना गोळी सोयीची. ज्याला बीपी खाली जाण्याची किंवा हृदयाची तक्रार आहे त्याला लोशन बरं.

उंबरठा

त्यांनी वाचलं. बरंच बोललो. कॉलेजात असताना ते औषधोपचार घेण्याइतपत खचले होते, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी आज कळलं. उद्या अपॉइंटमेंट आहे, रद्द करत नाही. सोबत काय न्यायचं?

सांजसावली

ती कॉलेजातली गोष्ट सगळ्यात आधी सांगा, बाकी मग. चालू असलेली सगळी औषधं, व्हिटॅमिनं आणि जिमच्या पावडरीसुद्धा. जुना रक्ताचा रिपोर्ट, असेल तर. दोन-तीन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो ज्यात डोकं नीट दिसतं. मूल हवं असेल किंवा वीर्याची तपासणी कधी कमी आली असेल तर तेही. डॉक्टरांनी फक्त लोशन दिलं तर 'गोळी का नाही' म्हणून भांडू नका.

खडीसाखर

आणि डोक्याला तेल लावून जाऊ नका, भिंगातून काही दिसत नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव वाचता येईल असं लिहून घ्या, बिल मागा. गोळी सुरू झालीच तर छातीत धडधड, पावलांना सूज, दोन-चार दिवसांत वजन वाढणं, छाती दुखणं, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

उंबरठा

लिहून घेतलं. तेलाचं बरं सांगितलंत, आत्ताच लावून बसले होते ते. पाठवलंय धुवायला.